कॅप्टनबाई, जरा इकडे बस

अगं, ते आंबे राहू दे क्षणभर, माझ्याजवळ बस. काकू बाजारातून येईपर्यंत आपल्याला निवांत आहे. ती आली की पुन्हा ‘बारावीचं वर्ष आणि हे नसते उद्योग’ सुरू होणार. तिच्यावर चिडू नकोस हं. तू उदयगिरीची हाऊस कॅप्टन झालीस हे कळलं त्या संध्याकाळी तिनेच आळीभर पेढे वाटले, आणि रात्री मला फोन करून हळूच विचारलं, “हे नको म्हणून शाळेला कळवता येतं का गं?” पेढेही तिचेच आणि धास्तीही तिचीच.

नवोदयात सहावी ते बारावी मीही काढलीय, त्यामुळे मला ते जग सांगावं लागत नाही. पहाटेची घंटा, पीटी, बादल्यांची रांग, मेसची रांग, असेंब्लीची रांग. रांगेतच मोठ्या झालो आपण. काकूला मात्र अजून वाटतं, कॅप्टन म्हणजे पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला निशाण धरून पुढे चालणारी मुलगी. ते वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस कॅप्टन म्हणजे हजेरीची वही, हरवलेली चप्पल, तुंबलेली मोरी, आणि ‘दीदी, हिने माझा साबण घेतला’.

मी कॅप्टन झालेल्या बऱ्याच मुली पाहिल्या. काहींचे बारावीचे मार्क घसरले, काहींचे नाही, आणि हुशारीत तर सगळ्या उन्नीस-बीसच होत्या. फरक कुठे पडला, यावर मी पुष्कळ विचार केलाय. माझं मत असं की कॅप्टनच्या कामाने कुणाचे मार्क जात नाहीत. जातात ते ‘माझ्यावाचून अडतं’ या गोडीने. ही गोडी फार वाईट. पोरी ‘दीदी, दीदी’ करत मागे फिरतात, मेट्रन मॅडम दर वेळी तुझंच नाव घेतात, प्राचार्य असेंब्लीत तुझ्याकडे बघून मान हलवतात. बारावीच्या फिजिक्सचं पुस्तक मात्र कधी मान हलवत नाही. त्याच्यासमोर दोन तास बसलं की आपण ठार मठ्ठ आहोत असं वाटायला लागतं. मग माणूस कुठे जाणार? जिथे शहाणा ठरतो तिकडेच. नळ गळतोय म्हणून कुणी हाक मारली की पुस्तक मिटायला निमित्त मिळतं, आणि वर कर्तव्य केल्याचं पुण्यही. अभ्यास टाळायची इतकी सोज्वळ सबब दुसरी कुठली मिळेल? मोबाइल बघत बसलेल्या मुलीला निदान मनात खुटखुट तरी असते.

म्हणून काकूचा प्रश्न मला चुकीचा वाटतो. पद घ्यावं की सोडावं हा मुद्दाच नाही. घेतलंयस ना, आता ते चालव. फक्त ते तुझ्यावाचूनही चाललं पाहिजे, असं चालव.

कसं, ते सांगते. आधी दिवस नीट बघ. संध्याकाळचा सुपरवाइज्ड स्टडी आणि रात्री जेवणानंतरचा अभ्यास, हे तुझे खरे तास. दुपारी रिमेडियलची वेळ असते, तीही धर. कॅप्टनला लोक हाका मारतात त्या नेमक्या याच तासांत, कारण याच वेळी सगळ्या मुली एका जागी असतात. प्रत्येक हाक दोन मिनिटांची. पण इंटिग्रेशनच्या गणितातून उठून गेलीस की परत तिथे पोचायला दोन मिनिटं पुरत नाहीत. तू परत येतेस, ओळ वरून वाचतेस, कुठे होतो ते आठवतेस, आणि लागलं लागलं म्हणेपर्यंत पुढची हाक. अशा चार हाकांत संध्याकाळ खलास. रात्री तू मैत्रिणीला सांगतेस, ‘आज खूप दमले गं.’ दमलेली असतेसच. गणित मात्र एकच झालेलं असतं.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात कामं वाटून टाक, आणि वाटताना काम देऊ नकोस, अधिकार दे. यात फार फरक आहे. ‘तू पाण्याचं बघ, काही झालं तर मला सांग’ असं म्हटलंस तर काहीही झालं तरी तुलाच सांगतील. ‘पाणी तुझं. टाकी भरली नाही तर थेट मेट्रन मॅडमकडे जायचं, माझ्याकडे नाही,’ असं म्हण. व्हाइस कॅप्टन अकरावीची आहे ना? रात्रीची हजेरी आठवड्यातून निम्मे दिवस तिची. आजारी मुलीला नर्सकडे नेणं आणि तिचं ताट मेसमधून आणणं एकीकडे. साफसफाईची पाळी नववीच्या मुलींनी लावायची. त्या वाकडीतिकडी लावतील, एकीला दोनदा येईल, दुसरी सुटेल, भांडणं होतील. होऊ दे. तू जाऊन नीट करून दिलीस की ती पाळी कायमची तुझी झाली.

भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं बोर्डिंग आठवतं ना, आपण सगळे पाठ्यपुस्तकात वाचतो ते? 1924 साली सुरू केलेलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, स्वतःची कामं स्वतः करायची. लक्ष्मीबाईंनी तर पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या घरात हाताखाली माणसं नव्हतीच, म्हणून प्रत्येक पोराच्या वाट्याला काही ना काही आलं आणि त्यातून माणसं घडली. आपल्याकडे उलट होतं. एकटी कॅप्टन घडते आणि बाकीच्या चाळीस जणी तिच्या तोंडाकडे बघायला शिकतात.

आता सहावीच्या पोरींबद्दल जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्याकडे मुलींची इमारत एकच आहे आणि जुलैत त्या चिमण्या तुझ्याच अंगावर येऊन पडणार आहेत. त्यांच्याकडे नुसती ‘घरची आठवण येतेय’ एवढ्याच नजरेनं बघू नकोस. घरची आठवण येतेच, रडतात, महिन्याभरात रुळतात. त्याहून खोल दुखणं दुसरंच असतं, आणि ते ऑगस्टात पहिल्या चाचणीचे पेपर हातात आल्यावर उघडं पडतं.

बघ, एका नवोदयात सहावीला ऐंशी जागा. त्यातल्या निदान 75 टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. जिल्ह्यातली हजारो पोरं परीक्षेला बसतात. दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर मार्क, आणि त्यातले पन्नास तर नुसत्या बुद्धिमत्ता चाचणीचे. त्या चाळणीतून ही ऐंशी येतात. म्हणजे यातलं जवळजवळ प्रत्येक पोर आपापल्या शाळेत पहिलं आलेलं. गुरुजींनी गावात सत्कार केलेला, ग्रामपंचायतीने फलक लावलेला, आजीने दृष्ट काढलेली. आणि मग ऐंशी पहिले एका जागी आणून बसवले की एक जण ऐंशीवा येणारच ना! हा हिशेब त्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीला कुणी समजावून सांगत नाही. तिला वाटतं, मी इथे आले आणि ढ झाले. घरी फोनवर ती हे बोलणार नाही, कारण घरी अजून सत्काराची शाल घडी घालून ठेवलेली आहे.

ही पोरगी तुला ओळखता येते. ती रडत नाही, उलट एकदम शहाण्यासारखी वागायला लागते. वर्गात हात वर करणं बंद. अभ्यासाच्या तासाला तेच पान उघडं. मेसमध्ये शेवटी जेवायला येते. शिक्षकांना ती ‘शांत, गुणी’ वाटते. तुला रात्री तिच्या कॉटजवळून जाताना कळेल. तेव्हा तिला मार्क विचारू नकोस आणि ‘मेहनत कर, होईल’ असलं तर मुळीच सांगू नकोस. तिची चाचणीची उत्तरपत्रिका मागून घे आणि एक चुकलेलं गणित तिच्याकडूनच सोडवून घे. एकच. आणि तो ऐंशीचा हिशेब तिला सांग, जसा मी तुला सांगितला तसा. गणित येणाऱ्या पोरी असतात त्या, हिशेब मांडला की त्यांना पटतं.

पुढे भाषेचं प्रकरण आहेच. मराठीतून शिकून आलेली पोरं, वरच्या वर्गांत गेली की गणित-विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत. ज्यांना विषय येतो त्यांनाही वाटतं आपल्याला विषय येत नाही. तू यातून गेलीस, तुला माहीत आहे.

नववीचं मायग्रेशनही बघ. तिथेही कॅप्टन काय करते याला फार किंमत असते. नववीतली 30 टक्के मुलं एका वर्षासाठी हिंदी पट्ट्यातल्या नवोदयात जातात, तितकीच तिकडून आपल्याकडे येतात. देशाची पोरं एकमेकांत मिसळावीत म्हणून ही योजना. कल्पना मला फार आवडते, आणि या बाबतीत मी हटवादी आहे. मायग्रेशनवर कुणी नाक मुरडलं की मी भांडते. पण कागदावरची एकात्मता डॉर्ममध्ये आली की तिचं काय होतं, हे तिथल्या मोठ्या मुली ठरवतात. तिकडून आलेली मुलगी मराठीत बोललेला विनोद न कळून कसनुसं हसते, भाकरी कशी मोडायची ते बघत बसते, आणि तिच्या बोलण्याची नक्कल कुणीतरी करतंच. त्या नकलेला कॅप्टन हसली की वर्षभर ती नक्कल चालते. कॅप्टन नुसती गप्प राहिली तरी चालते. तिथे तुला तोंड उघडावं लागेल, आणि भाषण न देता. “तिला भाकरी मोडून दाखव गं” एवढंच नक्कल करणारीला सांगितलंस तरी पुरे. पहिले दोन-तीन महिने त्या मुलींना जेवताना एकत्र बसू देऊ नकोस, आपल्यातल्या दोघींच्या मधे बसव.

शिक्षेबद्दल मात्र मी कडक आहे, ऐकून ठेव. हातात शिट्टी आली की मोठ्या मुलींना उठाबशांची आठवण येते. ‘आम्हीही काढल्या होत्या’ हे त्याचं समर्थन. शिक्षणहक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, शिक्षकांनासुद्धा. त्यांना जे नाही ते तुला कुणी दिलं? पीटीला उशीर झाला तर नाव लिही, हाऊस मिस्ट्रेसकडे दे, संपलं. आणि तुझी जिवलग मैत्रीण उशिरा आली तर तिचंही नाव लिही. पहिल्यांदा लिहिशील तेव्हा ती दोन दिवस बोलणार नाही. न लिहिलंस तर बाकीच्या मुली वर्षभर तुझं ऐकणार नाहीत. यातलं स्वस्त कुठलं ते तूच बघ.

आणखी एक, हे जरा हळू आवाजात. रात्री एखादी लहान मुलगी तुला उठवेल. बहुतेक वेळा पहिली पाळी आलेली असते आणि ती घाबरलेली असते. ते तुला जमेल, पॅड आणि गरम पाणी आणि जवळ बसणं. पण कधी ती असंही काही सांगेल की कुणीतरी, मोठं माणूस असो की मोठा मुलगा, नको तिथे हात लावतो. आणि वर म्हणेल, ‘दीदी, कुणाला सांगू नकोस, शपथ.’ ती शपथ घ्यायची नाही. तिला म्हणायचं, ‘तू मला सांगितलंस हे बरं केलंस, आता हे मला एकटीला ठेवता येणार नाही.’ आणि त्याच रात्री ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांच्याकडे जायचं. पोक्सो कायद्याने असं कळल्यावर ते कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे त्याही गप्प राहू शकत नाहीत. कुणीच ऐकलं नाही तर 1098, चाइल्ड हेल्पलाइन, फुकट लागतो. चौकशी करणं, खरं-खोटं ठरवणं, समजूत घालणं यातलं काहीही तुझं काम नाही. सतरा वर्षांच्या मुलीने एवढं ओझं एकटीने उचलू नये. इथे तर ‘माझ्यावाचून अडतं’ हा विचार घातकच.

बरं, आता अभ्यास. तुझ्या मनात काय सलतंय ते मला ठाऊक आहे. अकरावीला तुझ्या वर्गातल्या दोघी दक्षणाच्या परीक्षेतून निवडल्या गेल्या आणि जेईईच्या दोन वर्षांच्या वर्गासाठी दुसऱ्या नवोदयात गेल्या. तू राहिलीस, आणि राहिलेल्यांतून कॅप्टन निवडली गेली, म्हणून तुला ते पद उरलंसुरलं वाटतं. तसं नाहीये गं. आणि वाट तिथेच संपत नाही. दक्षणा फाउंडेशनचं, 2007 पासून नवोदयच्या मुलांसोबत काम करणाऱ्या त्याच संस्थेचं, बारावीनंतर एका वर्षाचं शिक्षणही असतं, आपल्या पुणे जिल्ह्यात कडूसला. ते डोक्यात ठेव, पण या वर्षी त्याचा ध्यास नको.

तू अभ्यास कसा करतेस ते मी परवा बघितलं. रंगीत पेनने रेघा मारतेस आणि वाचतेस, पुन्हा वाचतेस. छान दिसतं. रोडिगर आणि कार्पिके नावाच्या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग छापला होता. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर त्यांना 42 टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. मला यातली पाच मिनिटांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुन्हा वाचलं की लगेच येतंय असं वाटतं, आणि त्या वाटण्यावर आपण झोपायला जातो. तुझ्यासारख्या तुटक वेळ मिळणाऱ्या मुलीला मिटून लिहिणं जास्त सोयीचं आहे. मेसच्या रांगेत उभी असताना डोक्यात ‘गॉसचा नियम, सिद्धता, पहिली पायरी काय?’ एवढं विचारता येतं. त्याला पुस्तकही लागत नाही.

‘लहानांना शिकवलं की आपला अभ्यास होतो’ असं तुला बरेच जण सांगतील. अर्धं खरं. आठवीच्या मुलीला समीकरणं शिकवून तुझं आठवीचं पक्कं होईल, आणि आठवीची परीक्षा तुला द्यायची नाहीये. शिकवायचंच असेल तर आठवड्यातून एकदा वर्गातल्या दोघी-तिघींना बारावीचाच एक धडा फळ्यावर शिकव. अडलीस की कळेल कुठे भोक आहे. आठवीच्या मुलींना अकरावीच्या शिकवतील. त्यांचंही भलं होईल.

कॅप्टन मुलींचं सगळ्यांत आधी काय मागे पडतं माहीत आहे? प्रॅक्टिकलच्या फाइली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हींत 70 मार्कांचा पेपर आणि 30 मार्कांचं प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकल परीक्षा जानेवारीपासून. डिसेंबरात प्री-बोर्ड आणि फाइली एकदम अंगावर आल्या की रात्र रात्र आकृत्या काढत बसतात पोरी. तू प्रयोग झाला त्याच आठवड्यात, रविवारी कपडे वाळत घातल्यावर, तेवढ्या पानांची सही घेऊन मोकळी हो.

आणि शहरातल्या मुलांना हजारो रुपये भरून जे मिळत नाही ते तुझ्या आवारात आहे. तुझे शिक्षक तिथेच राहतात. संध्याकाळी सातला क्वार्टरचं दार वाजवून ‘सर, हे एक अडलंय’ म्हणता येतं. आपण मुली यात लाजतो. मुलगे जातात, आपण दुसऱ्या दिवसावर टाकतो. दोघी मिळून जा, वही घेऊन, तीन अडलेली गणितं खुणा करून. कॅप्टन म्हणून तुझं सरांकडे जाणंयेणं असतंच. हाऊसच्या कामासाठी गेलीस की तीच वही सोबत ठेव.

मेसचं बोलूनच टाकते, कारण कॅप्टनची खरी परीक्षा तिथे होते. जेवणाची तक्रार सगळ्या जणी करतात, आणि म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ‘जेवण चांगलं नसतं’ या वाक्यावर मेस इन्चार्जना करण्यासारखं काही उरत नाही. ‘मंगळवारी रात्री भात संपला, शेवटच्या अकरा मुलींना मिळाला नाही, त्या नववीच्या होत्या’ या वाक्यावर करण्यासारखं आहे. तारीख, वेळ, किती जणी. कागदावर, सही करून, एक प्रत आपल्याकडे. आवाज चढवायचा नाही आणि मागे सरकायचंही नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी आधी बोलून घ्यायचं, बहुतेक वेळा त्यांनाच शिधा कमी आलेला असतो आणि त्या तुझ्या बाजूच्या निघतात. हे ज्या मुलीला सतराव्या वर्षी जमलं, तिला पुढे तहसील कचेरीत, बँकेत, नोकरीच्या ठिकाणी कुणी सहज वाटेला लावत नाही. मला विचारशील तर कॅप्टनपदातून मिळतं ते हे. प्रमाणपत्राला इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये कुणी हात लावत नाही, तिथे गुणांवर नंबर लागतो. तेव्हा ते लॅमिनेट करून घे, काकू भिंतीवर लावेल, आणि विसरून जा.

हाऊसच्या ढालीचं वेड घेऊ नकोस. नाटक, वादविवाद, खो-खो, सगळ्यांत उदयगिरी पहिलं यावं म्हणून रात्री अकरापर्यंत तालमी घेणाऱ्या कॅप्टन मी पाहिल्यात. अरवली हाऊस जिंकलं तर जिंकलं. पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही. हं, नाटकात तुला स्वतःला काम करायचं असेल तर एखादं जरूर कर, आनंदासाठी. बारावीचं वर्ष म्हणून हसायचंही नाही असं थोडंच आहे.

आपल्या अमरावतीलाच देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक सुरू झालं, 1985-86 मध्ये. दुसरं हरियाणात झज्जरला. आता साडेसहाशेहून जास्त आहेत, आणि दर वर्षी त्या प्रत्येक शाळेत कुणीतरी कॅप्टन असतं आणि त्याच वर्षी बोर्डाचा पेपर देतं. जमतं गं. पण जमणाऱ्यांनी एक गोष्ट वेळेवर केलेली असते, ती म्हणजे सोडणं. म्हणून पेटी भरायच्या आधी हे ठरवून जा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू एकेक काम व्हाइस कॅप्टनकडे द्यायला लागायचं. डिसेंबरात प्री-बोर्ड सुरू होतील तेव्हा हजेरीची वही तिच्या हातात असली पाहिजे, नावाला कॅप्टन तू राहिलीस तरी. हाऊस मिस्ट्रेसना हे डिसेंबरात सांगितलंस तर त्यांना वाटेल तू पळ काढतेयस. म्हणून जुलैतच सांग, पहिल्या बैठकीत, त्या व्हाइस कॅप्टनच्या समोर. तिलाही तयारीला पाच महिने मिळतील, आणि तिचा पुढच्या वर्षीचा गोंधळ वाचेल.

आणि काकूला हा डिसेंबरचा बेत तूच सांग, मी नाही सांगणार. आत्ता येईलच ती. आधी पिशव्या घे तिच्या हातातल्या, पाणी दे, मग सांग. आंबा मात्र माझ्यासाठी एक ठेव.